रा. रा. डावे फाउंडेशन यांस अनावृत पत्र

रा. रा. इंजिन फाउंडेशन (पुढचे, डावे) यांसी,
मुक्काम : कालपर्यंत दादांच्या टेम्पोच्या इंजिनाखाली, सध्या गॅरेजच्या भंगारात,
आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली



हे पत्र बंद पाकिटातून पाठवता आलं असतं. पण तुमच्यापायी ज्यांची नाहक झडती झाली त्या नोझल, डिझेल पंप, क्लच प्लेट आणि जॉइंटच्या क्रॉसलाही ते वाचता यावं, म्हणून चव्हाट्यावर लिहितो आहे. शिवाय तुमचं कर्तृत्व मोठं. असं कर्तृत्व झाकून ठेवू नये.

आधी तुमची ओळख करून देतो, कारण बहुतेक गाडीमालकांनी तुम्हाला जन्मात पाहिलेलं नसतं. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेलं मूठभर रबर, एवढाच तुमचा देह. वरची पट्टी इंजिनाला, खालची चासीला. पुढे तुम्ही दोघे भाऊ, डावे नि उजवे; तिसरा गिअरबॉक्सखाली. तिघांनी मिळून इंजिन तोलून धरायचं आणि त्याची थरथर आपल्या अंगात जिरवायची, चासीपर्यंत पोचू द्यायची नाही. नेमणुकीच्या दिवशी तुम्हाला दिलेलं काम हे एवढंच. तुम्ही ते किती निष्ठेने केलंत, ते आता पाहू.

दादांचा टेम्पो दोन सिलिंडरचा, डिझेलचा, जुन्या धाटणीच्या पंपाचा. कंपनीचं नाव घेत नाही, तिचा यात दोष नाही. पहाटे भाजीचे क्रेट भरून सांगलीच्या मार्केटला, परतताना खताची पोती नाही तर पत्रे. अशी गाडी एक दिवस उभ्या जागी थरथरू लागली. वेगात शांत, जागेवर बेफाम. स्टॅंडवर चहाला थांबलं की डॅशबोर्डावरचे गणपती नाचायला लागायचे, आरशात मागची एसटी दोन-दोन दिसायची, दाराच्या खिशातली पाण्याची बाटली आपोआप सरकत पायापाशी यायची. रेस दिली की सगळं गप्प. पाय काढला की पुन्हा सुरू.

आता यात पहिला आळ कुणावर यावा? रस्त्यावर. आमचा पेठ-सांगली रस्ता खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे गाजलेला. त्या रस्त्यावर गाडी वापरणाऱ्याच्या मणक्यापासून नटबोल्टापर्यंत कशालाही काही झालं की रस्त्याकडे बोट दाखवायचं, असा आमच्याकडे शिरस्ता. गाडी जागेवर उभी असताना हलते, हे कुणी लक्षातच घेईना. तुम्हाला याहून चांगला वकील मिळाला नसता.

दुसरा आळ नोझलवर. "मिसिंग मारतीया, एक सिलिंडर मेलंय," असं गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी जाहीर झालं. नोझल काढले, तपासले, साफ केले. थरथर कायम. मग "पंप कॅलिब्रेशनला द्या." पंप सांगलीला गेला, आला, बसला. थरथर कायम. मग क्लच. दादा म्हणाले, "क्लच तर झकास धरतोय की." त्यावर उत्तर आलं, "प्लेट आतनं खराब असंल." प्लेट बदलली. जुनी प्लेट हातात घेऊन पाहिली तर अजून एक सुगी सहज काढली असती तिनं. मग जॉइंटचे क्रॉस. तेही बदलले, आणि वर ग्रीसही मारलं, फुकट. एवढं सगळं होत असताना तुम्ही त्या इंजिनाखाली, अंधारात, गावकीच्या भांडणात काडी टाकून देवळाच्या पायरीवर जपमाळ ओढत बसलेल्या इसमासारखे स्वस्थ बसून होतात. नाकासमोरून पाने-पोपट गेले, कुणी तुमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बरोबरच आहे. तुमची किंमत काय, काही शे रुपये. एवढ्या स्वस्त वस्तूवर संशय घेणं गॅरेजच्या इभ्रतीला शोभत नाही.

आणि हे कुठं घडलं? डिझेल इंजिनावर पोसलेल्या मुलखात! साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात 1930च्या दशकात डिझेल इंजिन तयार होऊ लागलं. हेच कूपर 1937 साली, काही महिन्यांपुरते का होईना, मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. आमच्या आष्ट्याहून कृष्णा ओलांडली की पलीकडे किर्लोस्करवाडी. 1910 साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणरावांनी नांगराचा कारखाना उभा केला ती. त्याच घराण्याने 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. वीज शिवारात पोचण्याआधी कृष्णाकाठच्या कितीतरी उसाला पाणी पाजलं ते अशा इंजिनांनी. जुनी माणसं बांधावर बसून विहिरीवरच्या इंजिनाचा ठोका ऐकायची आणि तेल कमी आहे की पाणी, ते सांगायची. असा मुलूख तुम्ही फसवलात.

मात्र एक कबूल करायला हवं, तुम्ही मोका बरोबर हेरलात. विहिरीवरची ती इंजिनं सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने आवळलेली असायची. त्यांच्याखाली रबर नव्हतं. ती हलली तर ओटा हलायचा, आणि ओटा हलत नसे. त्यामुळे आमच्याकडच्या कानाला टॅपेट कळतं, नोझल कळतं, बेअरिंगचा आवाज कळतो. पण इंजिन कशावर बसलंय हा प्रश्न या मुलखाला कधी पडलाच नाही. तुमचा वंश इथं ओळखपाळख नसलेला. परगावी येऊन चोरी करणाऱ्याला हा फायदा असतोच.

तुम्हाला ओळखणारा माणूस शेवटी समुद्रावरून आणावा लागला. आमचे दाजी गोव्यात मांडवीकाठी बोटींच्या दुरुस्तीत असतात, तेही शिडाच्या बोटींच्या. त्याच नदीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे 2009-10 साली एकटे जगाला वळसा घालून आले, शिडावर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. आष्ट्यात बसून वाटतं, शिडाची बोट म्हणजे वारा आणि कापड. तसं नसतं. वारा पडला की आणि बंदरात शिरताना लागतं म्हणून तिच्या पोटात डिझेल इंजिन असतंच, बऱ्याचदा आपल्या टेम्पोच्याच मापाचं, दोन-तीन सिलिंडरचं. तेही तुमच्याच भाऊबंदांवर बसवलेलं. आणि फायबरच्या हलक्या बोटीत थरथर सुरू झाली की चासी नव्हे, आख्खं घरच वाजायला लागतं. वरच्या फळीवर माणूस झोपलेला असतो. त्यामुळे कमी फेऱ्यांवरची थरथर हा तिकडे रोजचा विषय.

दादांनी त्यांना फोन लावला. गाडी कुठल्या कंपनीची, किती साल वापरली, यातलं काही दाजींनी विचारलं नाही.

"उभ्या जागी, न्यूट्रलला हलती का?"

"व्हय."

"मग चाकं, शाफ्ट, क्रॉस, रस्ता, सगळी सुटली. ती फिरतच नाहीत तवा. आता क्लच दाबून बघा."

दाबला. तीच थरथर.

"क्लच प्लेट बी सुटली. आमी बोटीत कपलिंगचे बोल्ट काढून शाफ्टच अलग करतो. तरीबी हललं तर दोष इंजिनात न्हायतर इंजिनाखाली. पंख्याला दोर, जाळं गुंडाळलं असंल तर गिअर टाकल्यावर हलतं, न्यूट्रलला न्हाई. बरं, रेस द्या हळूहळू."

दिली. हजाराच्या पुढे सुई गेली आणि गणपती स्थिर झाले.

"मग फ्लायव्हील, क्रँक यांचा बॅलन्स गेलाय असं कुणी म्हणलं तर हात जोडा आन् घरी या."

हे वाक्य तुम्ही नीट ऐकलं असेल, कारण तिथून तुमचे दिवस भरले. फिरणाऱ्या वस्तूचा तोल बिघडला असला तर त्याचा धक्का फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेऱ्या दुप्पट, तर धक्का चौपट. तो दोष वेगात मातेल, वेगात विरघळणार नाही. आमची थरथर उलट्या स्वभावाची होती. म्हणजे ती स्फोटांची होती. दोन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेरीमागे सरासरी एकच स्फोट. मिनिटाला 900 फेऱ्यांना सेकंदाला 15 तडाखे, 700 फेऱ्यांना बाराहून कमी. दोन तडाख्यांच्या मधला वेळ फ्लायव्हीलने साठवलेल्या जोरावर काढायचा असतो, आणि ती साठवणही फेऱ्यांच्या वर्गाने घटते. 900 वरून 700 वर आलात की ती साठ टक्क्यांवर येते. म्हणून फेऱ्या कमी होतील तसं इंजिन प्रत्येक तडाख्याला जास्त कलंडतं, डावी-उजवीकडे. शिवाय रबरावर ठेवलेल्या कुठल्याही वजनाला डुलण्याची स्वतःची एक लय असते. तडाख्यांची लय तिच्या जवळ आली की डुलणं वाढत जातं. गाडी बनवणारा हे सगळं मोजून स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या फेऱ्यांवर चालावं तो आकडा, ठरवतो. तो आकडा उगाच छापलेला नसतो.

एक संशय अजून उरला होता, सिलिंडर खरंच मेलंय का? दाजींनी जुनी रीत सांगितली. इंजिन चालू ठेवून एका नोझलच्या पाईपचा नट पाव फेरा सैल करायचा, डिझेल बाहेर आलं की ते सिलिंडर बंद पडतं, मग कान द्यायचा. आवाज पडला तर सिलिंडर कामाचं होतं. काहीच फरक पडला नाही तर ते आधीच मेलेलं होतं. दोन्ही नट आळीपाळीने सैल केले. दोन्ही वेळा इंजिन सारखंच खचलं. दोघंही भाऊ जिवंत, दोघंही सारखे राबणारे. (वाचकहो, हा प्रयोग जुन्या पंपाच्या इंजिनापुरताच, तोही चष्मा घालून आणि हात लांब ठेवून. नव्या कॉमन रेल गाड्यांच्या पाईपात दाब हजार बारच्याही वर जातो. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि मग गॅरेज नव्हे, सर्जन गाठावा लागतो.)

"इंजिन ठणठणीत हाय," दाजी म्हणाले. "ते बसलंय कशावर, ते बघा."

तर रावसाहेब, आपली भेट झाली ती अशी. ऑइल चेंबरखाली लाकडाची फळी, फळीखाली जॅक. फळी विसरलं तर चेंबर चेपतं, म्हणून सांगून ठेवतो. इंजिन बोटभर उचललं. उजवं फाउंडेशन इंजिनाबरोबर ताणलं गेलं, जसं जायला हवं. तुमची मात्र वरची पट्टी एकटीच वर गेली आणि रबर खाली चासीला धरून तसंच बसून राहिलं. मध्ये नख जाईल एवढी फट. बॅटरीच्या उजेडात पाहिलं. रबर फुगलेलं, कडेला चिकट, बोट लावलं तर काळं लागत होतं आणि वास डिझेलचा. पट्टीच्या एका कोपऱ्यावर लोखंडाला लोखंड घासून पांढरीशुभ्र चकती पडली होती. स्लोवर प्रत्येक तडाख्याला इंजिन कलंडायचं आणि नेमकं तिथं आपटायचं. वेगात कलंडणं कमी झालं की आपटणं थांबायचं. गणपती नाचत होते ते या चकतीच्या तालावर.

थोडक्यात, तुम्ही राजीनामा कधीच दिला होता, फक्त खुर्ची सोडली नव्हती.

आता तुमच्या बाजूनेही दोन शब्द. तुम्ही म्हणाल, मी एकटा नाही. खरं आहे, नाही. वर पाहिलं तर नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारा ओव्हरफ्लोचा पाईप कडक होऊन तडकला होता. थेंब-थेंब डिझेल ब्लॉकवरून ओघळत बरोबर तुमच्या डोक्यावर. डिझेल आणि रबराचं कधी पटलेलं नाही. रबर ते पितं, फुगतं, मऊ पडतं आणि पट्टीपासून सुटतं. नोझल काढले-घातले, तेव्हा हाच पाईप हातात घेऊन बाजूला केला होता आणि तोच परत लावला होता. ज्याने लावला त्याला तडा दिसला नाही, कारण तो मेलेलं सिलिंडर शोधत होता.

दुसरा साथीदार तर दोन पायांचा. टेम्पोवर मध्यंतरी जो ड्रायव्हर होता त्याने कुठंतरी ऐकलं की स्लो उतरवला तर डिझेल वाचतं. त्याने पंपावरचा स्क्रू पिळून स्लो इतका खाली आणला की इंजिन विझता विझता चालायचं. किती डिझेल वाचलं देव जाणे. पण तडाखे सावकाश पडू लागले, जड पडू लागले, आणि अर्ध्या सुटलेल्या रबराला त्यांनी पुरतं सोडवलं. या दोघांनी तुम्हाला बिघडवलं हे मान्य. पण बिघडलेल्याने निदान आवाज तरी करावा! नोझल खराब झालं तर धूर काढतं, बेअरिंग ओरडतं, क्लच घसरतो नि जळका वास देतो. तुम्ही स्वतः मुके राहून दुसऱ्यांना नाचवलंत आणि ते नाचले म्हणून तेच पकडले गेले.

गॅरेजवाल्यांवर माझा तसा राग नाही. गिऱ्हाईक दारात उभं, टेम्पो उद्या पहाटे मार्केटला हवा, अशा घाईत हात ओळखीच्याच वस्तूकडे जातो. राग आहे तो एवढ्यावरच, की दाजींनी चहाचा कप संपायच्या आत विचारलेले तीन प्रश्न इथं कुणालाही पाना उचलण्याआधी विचारता आले असते. न्यूट्रलला हलते का? क्लच दाबल्यावर? रेस दिल्यावर? या तिन्हींना सुटा भाग लागत नाही, म्हणून बिलही होत नाही. त्यामुळेच ते मागे पडत असतील, अशी शंका दादा घेतात. मी घेत नाही. मला आष्ट्यातच राहायचं आहे.

तुमचा फैसला असा झाला. तुम्हाला एकट्याला बदलायचं, असा आधी विचार होता. दाजींनी तो हाणून पाडला. नवं रबर उंच आणि कडक, जुनी दोन बसलेली. एकट्याला बदललं तर इंजिन तिरपं बसतं आणि सगळा भार नव्यावर येऊन तेही लवकर जातं. बोटीत तर इंजिनाखालची फाउंडेशन बदलली की शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आहेत का ते पुन्हा पाहावं लागतं. कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये फिलर गेज घालून, कपलिंगच्या दर इंच व्यासामागे इंचाचा हजारावा भाग इतकाच फरक चालवून घ्यायचा, आणि तेही बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवस तरंगू दिल्यावर, कारण जमिनीवरच्या टेकूवर तिचा आकार निराळा असतो. आमच्या टेम्पोला एवढे लाड नाहीत. तिन्ही फाउंडेशन एकदम बदलली, बोल्ट आधी हाताने लावले, इंजिन चालू करून रबरांना आपापल्या जागी बसू दिलं, आणि मगच आवळले.

तुमच्या भावाचं, उजव्यांचं, वाईट वाटलं. त्यांच्यात अजून दम होता. तुमच्या संगतीत नोकरी गेली बिचाऱ्यांची.

नोझल, पंप, क्लच प्लेट आणि क्रॉस यांची या पत्राद्वारे निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. त्यांच्या झडतीचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा म्हटलं तर भंगारवाला तुमच्याकडे बघायलाही तयार नाही. लोखंडाचं वजन नाही नि रबराला भाव नाही. तेव्हा तो खर्च दादांच्या नावे पडला आहे.

कळावे. लोभ आता पुरे.

आपल्यामुळे हादरलेला,
टेम्पोमालकाचा धाकटा भाऊ

ता. क. : ओव्हरफ्लोचा पाईप नवा घातला आहे आणि स्लो परत कंपनीच्या आकड्यावर आहे. कुणी तो स्क्रू पुन्हा पिळलाच, तर पुढचं अनावृत पत्र त्याच्या नावे, पूर्ण पत्त्यासकट.